मीम, रे, ये, मीम

मरियम हे नाव देवनागरीत चार अक्षरांत मावते, उर्दूत चार अक्षरांत आणि हिब्रूतही चारच अक्षरांत. उर्दू शाळेतली पोर ते पाटीवर गिरवताना म्हणते: मीम, रे, ये, मीम. हिब्रू जाणणारा तेच नाव तसेच उजवीकडून डावीकडे वाचतो: मेम, रेश, योद, मेम. क्रम तोच, आणि अक्षरांची नावेही एकाच घरातली. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि दरबारी कारभार उर्दूतून चाले. त्या काळातल्या उर्दू कागदात एखादी मरियमबी आली, तर ती याच चार अक्षरांत आली. शेवटचा ‘बी’ हा दख्खनी मुसलमानांचा आदराचा प्रत्यय. गंगाबाई, सोनाबाई यांतला ‘बाई’ जसा, तसाच हा ‘बी’.

२०११च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याच्या साडेपंचवीस लाखांहून अधिक लोकवस्तीत सुमारे १२ टक्के मुसलमान आहेत, आणि त्यांच्या घरांत मरियम हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत ते मरीया किंवा मेरी होते. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरांत ते मिर्याम किंवा मिरियम होते. मराठी बायबलात तर एकाच पुस्तकात त्याची दोन रूपे आहेत: जुन्या करारात मिर्याम, नव्या करारात मरीया. वाचणाऱ्याला सहसा कळतही नाही की हे एकच नाव आहे.

या रूपांपैकी सर्वात जुना उच्चार कोणता, याचे उत्तर बीडकरांना सुखावणारे आहे. जुन्या हिब्रू लिपीत फक्त व्यंजने लिहीत. स्वरांच्या खुणा घालण्याची पद्धत इसवी सनाच्या सातव्या शतकानंतर पक्की झाली आणि त्या खुणांप्रमाणे नाव ‘मिर्याम’ असे वाचले जाऊ लागले. पण त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत, ज्यू पंडितांनी आपल्या धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर केले. ग्रीकमध्ये स्वर लिहावेच लागतात, आणि तिथे हे नाव ‘मरियाम’ असे आहे. म्हणजे पहिला स्वर मुळात ‘अ’ होता. हिब्रूत तो पुढे ‘इ’कडे झुकला, अरबीत तसाच राहिला. अरबीतून फारसीत, फारसीतून उर्दूत आणि उर्दूतून बीडच्या गल्लीत आलेल्या ‘मरियम’ने तो जुना स्वर जपून ठेवला आहे.

या नावाची पहिली स्त्री बायबलात येते ती बहीण म्हणून. इजिप्तच्या राजाने, फारोने, गुलामगिरीत ठेवलेल्या इस्राएली लोकांचे नवजात मुलगे नदीत टाकण्याचा हुकूम काढलेला असतो. एक आई आपले बाळ तीन महिने लपवते. पुढे लपवणे अशक्य झाल्यावर ती लव्हाळ्याचा पेटारा करते, त्याला डांबर आणि राळ लावते, बाळाला आत निजवते आणि पेटारा नदीकाठच्या गवतात ठेवते. बाळाची मोठी बहीण थोड्या अंतरावर उभी राहून पाहत राहते. फारोची मुलगी स्नानाला येते, तिला बाळ दिसते. तेवढ्यात ही पोरगी पुढे होते आणि विचारते, याला पाजायला एखादी दाई आणू का? आणि ती बाळाच्या सख्ख्या आईलाच घेऊन येते. ते बाळ म्हणजे मोशे, कुराणातले मूसा.

या प्रसंगात बहिणीचे नाव ग्रंथकाराने सांगितलेले नाही. ‘त्याची बहीण’ एवढेच आहे. ती मिर्याम, हे परंपरेने ओळखले. पण गोष्टीतली ती मुलगी बीडच्या माणसाला ओळखीची वाटावी अशी आहे. दिवाळीच्या सुमारास इथल्या गावांतून कोयते उचल घेऊन निघतात. कोयता म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायकोचे जोडपे, आणि उचल म्हणजे मुकादमाने आगाऊ दिलेली रक्कम. साखर कारखान्याच्या तळावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. पहाटेच्या अंधारात आईबाप फडात जातात आणि धाकट्याला सांभाळायला मागे राहते ती आठ-दहा वर्षांची ताई. झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीला ती झोका देते, आणि नजर झोळीवरून हलू देत नाही.

मिर्यामचे नाव ग्रंथात पहिल्यांदा उच्चारले जाते ते इस्राएली लोक समुद्र ओलांडून सुटल्यानंतर. ती हातात डफ घेते, बाकीच्या बायका तिच्यामागे नाचत निघतात. इथे तिला ‘संदेष्ट्री’ म्हटले आहे, म्हणजे देवाचा संदेश सांगणारी. तिच्या वाद्याला हिब्रूत ‘तोफ’ म्हणतात. ते आणि अरबी ‘दफ’ एकाच कुळातले शब्द, आणि मराठी शाहिराचा डफ याच अरबी शब्दावरून आलेला. पुढे ती मोशेला बोल लावते आणि तिच्या अंगावर कोड उठते. सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवतात. ती परत येईपर्यंत लोक मुक्काम हलवत नाहीत, एवढी तिची किंमत. शेवटी कादेश या ठिकाणी ती मरते, आणि ग्रंथात लगेच पुढची नोंद येते की लोकांना पाणी उरले नाही. या दोन वाक्यांच्या जवळिकीतून ज्यू परंपरेत एक कथा फुलली. वाळवंटातल्या चाळीस वर्षांत लोकांबरोबर एक विहीर चालत असे, ती मिर्यामच्या पुण्याईने मिळालेली होती, आणि ती गेली तशी विहीरही गेली. ही कथा पाण्यासाठी जीव टाकणाऱ्या मुलखातच सुचू शकते. बीड शहराच्या दक्षिणेला सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने बांधलेली खजाना विहीर आहे. जमिनीखालच्या नाल्यांनी भरणाऱ्या या विहिरीचे पाणी दुष्काळातही टिकते म्हणून जिल्ह्यात तिचा मान. तिच्या काठावर वाढलेल्या माणसाला मिर्यामची विहीर वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नावाचा अर्थ मात्र इतका सरळ नाही. बाळांच्या नावांच्या पुस्तकांत मरियम किंवा मारिया यापुढे बहुधा ‘समुद्राचा तारा’ असे छापलेले असते. अर्थ सुंदर आहे, पण तो लेखनिकाच्या चुकीतून जन्मला असे बहुतेक अभ्यासक मानतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या ख्रिस्ती पंडिताने हिब्रू नावांचा कोश तयार केला. हिब्रूत ‘मर’ म्हणजे थेंब आणि ‘याम’ म्हणजे समुद्र, म्हणून ‘समुद्राचा थेंब’, लॅटिनमध्ये ‘स्तिल्ला मारिस’, अशी फोड त्याने दिली. हाताने नकला करताना ‘स्तिल्ला’चे ‘स्तेल्ला’ झाले. ‘इ’चा ‘ए’ झाला आणि थेंबाचा तारा झाला. खलाशांना हा तारा इतका आवडला की मारियाला समुद्राचा तारा म्हणून आळवण्याची रीत युरोपभर पडली. व्युत्पत्ती म्हणून थेंबही टिकत नाही आणि ताराही टिकत नाही.

ज्यू परंपरेचा अर्थ वेगळा आहे: कडू. हिब्रूत ‘मर’ म्हणजे कडूही. गुलामगिरीने लोकांचे जिणे कडू केले त्या काळात ही मुलगी जन्मली, म्हणून मिर्याम, असे जुने भाष्यकार सांगतात. याच धातूपासून अरबीत ‘मुर्र’ झाला, आणि मराठी घरात बाळंतिणीला देतात तो हिराबोळ पश्चिमेकडच्या भाषांत याच कडूपणाच्या शब्दाने ओळखला जातो. ज्यूंच्या वल्हांडण सणाला कडू भाजी खातात, तिचे हिब्रू नाव ‘मारोर’; तेही याच धातूचे. काहींनी नावाचा संबंध ‘मरी’ म्हणजे बंड या हिब्रू शब्दाशी जोडला. मोशेला जाब विचारणाऱ्या मिर्यामला तो शोभतो, पण नाव ठेवणाऱ्याला बाळाचे पुढचे वागणे माहीत नसते.

आज अनेक अभ्यासकांचा कल इजिप्तकडे आहे. प्राचीन इजिप्तच्या भाषेत ‘मेरी’ म्हणजे प्रिय, लाडकी. तिथल्या राजांच्या बिरुदांत हा शब्द सारखा येतो. मोशे हे नावही इजिप्तचेच असावे. थुतमोस, रामसेस या नावांत ‘जन्मलेला’ या अर्थाचे तेच पद आहे. मिर्यामच्या कुळातले पीनहास हे नावदेखील इजिप्तच्या भाषेतले. ज्या घरात भावाचे आणि भावाच्या नातवाचे नाव इजिप्तचे, त्या घरात बहिणीचेही असणे स्वाभाविक आहे, आणि म्हणून ही व्युत्पत्ती इतरांपेक्षा भक्कम वाटते. तरी नावाच्या शेवटचा ‘म’ तिच्यातून नीट उलगडत नाही, हेही खरे. शेवटचा ‘म’ पकडून काहींनी अरबीतल्या ‘मराम’ म्हणजे इच्छा या शब्दाशी नाते लावले आणि ‘इच्छिलेले मूल’, हवीहवीशी, असा अर्थ काढला. कुराणाच्या काही जुन्या भाष्यकारांनी ‘इबादत करणारी’ असा अर्थ दिला. एवढ्या अर्थांची गर्दी झाली याचे कारण साधे आहे. हे नाव हिब्रूतसुद्धा इतके जुने आहे की ग्रंथ लिहिले गेले तेव्हाच त्याचा मूळ अर्थ लोकांच्या जिभेवरून गेला असावा.

येशूच्या काळापर्यंत तर हे नाव ज्यू मुलुखात घरोघरी झाले होते. त्या काळच्या शिलालेखांत आणि ग्रंथांत सापडणाऱ्या ज्यू स्त्रियांत पाचांपैकी सुमारे एकीचे नाव मरियम किंवा त्याचेच रूप आहे. शुभवर्तमानांत म्हणूनच मरीयांची दाटी दिसते: येशूची आई मरीया, लाजराची बहीण मरीया, मग्दाला गावची मरीया. नात्याने नाहीतर गावाच्या नावाने त्यांना वेगळे ओळखावे लागले. हे मराठी माणसाला शिकवायला नको. मग्दालेची मरीया म्हणजे आपल्याकडची मग्दालकर. ग्रीकमध्ये नावाचा शेवटचा ‘म’ गळू लागला, आणि लॅटिनमध्ये तर ‘मारिया’ हे रोमन घराण्याचे नाव आधीच चालत होते, त्यामुळे परके नाव सहज त्याच्या साच्यात बसले. तिथून पोर्तुगीज मारिया, फ्रेंच मारी आणि इंग्रजी मेरी.

अरबीत नाव पुन्हा अख्खे झाले. कुराणात नावाने उल्लेखलेली स्त्री एकच, मरियम. तिचे नाव ३४ वेळा येते, आणि एकोणिसाव्या सूरेला तिचेच नाव आहे. ईसांना, म्हणजे येशूला, तिथे ‘मरियमचा पुत्र’ म्हटले जाते. ज्या समाजात मुलाची ओळख बापाच्या नावाने, तिथे ही ओळख आईच्या नावाने आहे. या नावाच्या साऱ्या इतिहासात सर्वात हृद्य प्रसंग तिसऱ्या सूरेत आहे. इमरानची बायको पोटातले मूल देवाच्या सेवेला वाहण्याचा नवस बोलते. देवळाची सेवा मुलगे करीत, त्यामुळे तिच्या मनात मुलगाच आहे. मुलगी होते. ती देवाला सांगते की मला तर मुलगी झाली. आणि पुढे म्हणते की मी तिचे नाव मरियम ठेवले आहे. सेवा स्वीकारली जाते. बारसे इथे ग्रंथातच आहे, आणि नाव ठेवणारी आई आहे.

बीड जिल्ह्यात हा प्रसंग वाचताना एक आकडा आठवल्यावाचून राहत नाही. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे इथे ८०७ मुली होत्या. राज्यात तो आकडा ८९४ होता आणि बीड सर्वांत खाली होते. त्याच्या दहा वर्षे आधी बीडमध्येच ८९४ मुली होत्या. गर्भातच मुली नाहीशा होत होत्या. जन्मलेल्यांच्या नावांतही मराठी समाजाने ही नाराजी उघड लिहून ठेवली आहे. नकुशी, नकोशी ही खरी नावे, दाखल्यावरची. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८० हून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. ‘हवीहवीशी’ हा मरियमचा अर्थ व्याकरणाच्या कसोटीला उतरो न उतरो, मुलगा मनात धरलेल्या आईने मुलीला दिलेले हे नाव नकुशीच्या नेमके समोर उभे राहते.

मुसलमान घरांत सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवण्याची रीत आहे. मरियम या नावाभोवती जन्माशी निगडित आणखीही गोष्टी आहेत. कुराणातली मरियम एकटीच खजुराच्या झाडाखाली प्रसूत होते. पायाशी झरा फुटतो, बुंधा हलवल्यावर ताजे खजूर पडतात. हजहून येणारे काही जण ‘मरियम का पंजा’ नावाची वाळवंटी वनस्पती आणतात. सुकलेली असताना ती आवळलेल्या मुठीसारखी दिसते. काटक्या आत वळलेल्या, रंग मातकट. भांड्यात पाणी घालून त्यात ठेवली की काही तासांत मूठ हळूहळू उघडते, काटकी काटकी सुटी होते. बाळंतपणाच्या खोलीत ती अशी भिजत ठेवण्याची चाल आहे: ती उघडली की बाईची सुटका सोपी होते, अशी समजूत. फारसीत निशिगंधालाही ‘गुले मरियम’ म्हणतात. फारसीच्याच मुलखातली, इराणची मरियम मिर्झाखानी २०१४ मध्ये गणितातले फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री ठरली.

मराठीत मरीयेची कथा ओवीत उतरली ती फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात, १६१६ मध्ये. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात मरीयेचे चरित्र इथल्या कानांना सवयीच्या पुराणाच्या ढंगाने येते. वांद्र्याच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये सप्टेंबरात तिच्या जन्माची जत्रा भरते. तिला कोळी ‘मोत माउली’ म्हणतात.  हिब्रू नाव तिथे पार विरघळून गेले आणि माउली तेवढी राहिली. गावोगावच्या मरीआईशी मात्र मरीयेचा काही संबंध नाही. पोतराज जिचा गाडा घेऊन फिरतो ती मरीआई पटकीची देवी. तिच्या नावातली ‘मरी’ म्हणजे साथ, मरण्याच्या धातूपासून आलेली. कानाला दोन्ही सारखी लागतात एवढेच.

मराठी स्त्रियांपैकी या नावाच्या मुळाशी सर्वात खोल गेल्या त्या पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचे नाव मेरी रमा झाले. संस्कृत पंडितेच्या नावाला हिब्रू नावाची अशी जोड मिळाली. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले, कमी शिकलेल्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळे झालेले होते. ग्रंथ १९२४ मध्ये छापून निघाला. मेरी या इंग्रजी रूपापासून मेम-रेश-योद-मेमपर्यंतचा उलटा प्रवास त्यांनी वर्षानुवर्षे एकेक अक्षर लावून केला.

हे नाव मराठी बोलत-बोलत थेट हिब्रूतून जपणारे लोक म्हणजे बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावला आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ते शनिवार तेली. त्यांच्यात पुरुषांची बायबलातली नावे मराठी वळणाने चालत, जसे शमुवेलचा समाजी. बायकांची नावे पुष्कळदा सरळ मराठीच असत, आणि मिर्यामसारखी हिब्रू नावे पुढे वाढली. याच समाजातली एक मिरियम पुढे मीरा झाली. मीरा महादेवन म्हणून त्यांनी हिंदीत लिहिले. १९६१ सालची ‘अपना घर’ ही कादंबरी बेने इस्राएलांच्या जीवनावरची आहे. मीरा आणि मिरियम यांचे व्युत्पत्तीने काही नाते नाही, नाते उच्चाराच्या जवळिकीचे.

१९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते. मजूर बायकांची तान्ही बाळे तिथे धुळीत, विटांच्या ढिगाशेजारी पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली. त्यांनी तिथेच एक तंबू ठोकला आणि बाळे आत घेतली. ‘मोबाइल क्रेशेस’ ही बांधकाम मजुरांच्या मुलांसाठीची संस्था तिथून सुरू झाली. पाळणाघराला पुढे बालवाडीची जोड मिळाली, आणि धाकट्यांना सांभाळत बसणाऱ्या मोठ्या भावंडांसाठी शिकवणीचीही.